बाबांनी नको म्हटलं होतं

बाबांच्या पायात वहाण जाईना, तेव्हा त्यांनी सुरीने तिचा अंगठा कापून टाकला आणि नुसत्या पट्ट्यात पाऊल अडकवून ते आठवडाभर गिरणीत गेले. एकोणीसशे एकोणसाठचा डिसेंबर होता. संध्याकाळी पाळी संपवून आले की ते भिंतीला पाठ लावून बसत, नडगीवर बोट दाबत आणि काढून घेत. तिथे खळगा राही. तो भरायला किती वेळ लागतो ते पाहत बसत.

"कित्याक चिवडतास ता?" आई म्हणे.

"भरता काय ता बगतंय."

आमचे बाबा, धोंडू राऊळ, तीस वर्षं लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते. चार साचे, म्हणजे कापड विणायचे चार माग, सांभाळत. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत आम्ही चौघं राहत होतो: बाबा, आई, माझा धाकटा भाऊ गंगाधर आणि मी. गंगाधर त्याच गिरणीत फिटरच्या हाताखाली होता आणि उरलेला सगळा वेळ संयुक्त महाराष्ट्र समितीच्या कामात. मी करी रोडच्या म्युनिसिपल शाळेत शिकवत होते. घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटी. त्यामुळे रेशनच्या अर्जापासून औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीपर्यंत सगळं माझ्या हातात येई, आणि मी ते वाचून त्यातलं जेवढं सांगायचं तेवढं सांगे. ही सवय मला कधी लागली, ते सांगता येणार नाही.

सुजेनंतर खाज आली. बाबा नारळाचं सोडण घेऊन पाठ खाजवत, कातडी सोलवटून निघेपर्यंत. भाकरीचा घास तोंडात घेऊन ते म्हणत, "लोखंडाची चव लागता गो." त्यांच्या श्वासाला मुतरीसारखा वास येऊ लागला. एकदा त्यांना वाढताना आईने नकळत मान वळवली. बाबांनी ते पाहिलं. त्या दिवसापासून ते आपलं अंथरूण बाहेर गॅलरीत घालू लागले. कोणी विचारलं तर म्हणत, आत उकडतं. डिसेंबरात.

गिरणीत त्यांना तुटलेला धागा दिसेनासा झाला. तीन थान कापड डागी निघालं. मुकादमाने त्यांचे दोन साचे एका बदली कामगाराला दिले, मग उरलेले दोनही दिले, आणि बाबांना म्हणाला, तू बस, हजेरी लागते ना, मग झालं. बाबा पाळीभर रिकाम्या खोक्यावर बसून दुसऱ्याच्या हाताखाली आपले साचे चालताना पाहत. पाचव्या दिवशी, जानेवारीच्या मध्याला, ते त्या खोक्यावरून खाली पडले. त्यांचा दोस्त कुशाबा आणि गंगाधर यांनी हातगाडीवर घालून त्यांना इस्पितळात आणलं. मी शाळेतून परस्पर तिकडे गेले.

वॉर्डात चाळीस खाटा होत्या. बाबांची चौदावी, पॅसेजच्या काचेच्या दाराकडे तोंड करून. तीन दिवस रक्त घेणं, लघवी साठवणं, पोट दाबून बघणं झालं. लघवी दिवसाकाठी कपभरसुद्धा होत नव्हती. शेजारच्या खाटेवरचा माणूस वर्तमानपत्र वाचून सांगत होता की दिल्लीने मान्य केलं, मुंबई महाराष्ट्राची झाली. बाबा म्हणाले, "मुंबई गावली, पण धोंडूक मूत गावणा नाय." सगळा वॉर्ड हसला. पोट धरून हसता हसता त्यांना ओकारी आली.

चौथ्या दिवशी तिथल्या तरुण डॉक्टरांनी मला खूण करून पॅसेजमध्ये बोलावलं. मागे दार लावून घेतलं.

"तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून स्पष्ट बोलतो," ते म्हणाले. "दोन्ही किडन्या गेल्यात. आक्रसून गेल्यात. त्यावर औषध नाही. रक्तात विष साठत चाललंय."

मी विचारलं, "काहीच नाही?"

"एक गोष्ट करता येते. पोटात नळी घालून औषधी पाणी सोडायचं, थोडा वेळ ठेवायचं, काढून घ्यायचं. ते विष ओढून घेतं. असं दोन दिवस सतत. माणूस काही आठवडे बरा राहतो. मोठ्या डॉक्टरांची करायची तयारी आहे. पण तुमच्या वडिलांना समजावून सांगायला हवं. दुखतं, आणि धोका आहे."

काचेतून मला बाबा दिसत होते. उशीला टेकून आमच्याकडे पाहत होते. मी त्यांच्याकडे पाहून हसले.

"त्यांना काही सांगू नका," मी म्हणाले. "दुसरीपर्यंत शिकलेत ते. त्यांना काय कळणार? उगाच घाबरतील. मी सही करा म्हटलं की करतील."

"म्हणजे तुमचा होकार धरू?"

"हो. करा."

आत जाऊन मी बाबांना म्हटलं, "पोटातला पाणी काढूचा आसा. दोन दिवसांचा काम. मगे घराक."

बाबा माझ्याकडे पाहत राहिले. त्यांच्या पापण्याही सुजलेल्या होत्या. "तू म्हणतंस तर," ते म्हणाले आणि कागद मागितला. त्यांना सही येत होती. 'धोंडू' लिहायला त्यांना बराच वेळ लागे, कारण डोक्यावरची रेघ ते शेवटी, एका दमात, पट्टीने मारल्यासारखी सरळ ओढत.

बेंबीच्या खाली बधिर करून डॉक्टरांनी तिथे टोच्याने भोक पाडलं आणि रबरी नळी आत सरकवली. खाटेला बांबू बांधून त्यावर काचेच्या दोन बाटल्या टांगल्या. नळी उपटली जाऊ नये म्हणून बाबांचे हात बँडेजच्या पट्ट्यांनी खाटेच्या दांडीला बांधले. बाटल्या बादलीतल्या गरम पाण्यात कोमट करून लावायच्या, पोट भरून तट्ट झालं की अर्धा तास थांबायचं, मग नळीचं तोंड खालच्या बाटलीत सोडायचं. नर्स एकच होती. दुसऱ्या दिवशी तिने बादलीचं काम मला दिलं. दोनदा पाणी मला नीट कोमट करता आलं नाही. गार पाणी आत गेलं की बाबांच्या खांद्यात कळ जाई आणि त्यांचे बांधलेले हात मुठी वळून वर उचलले जात. ते ओरडले नाहीत. फक्त विचारत, "कितके बाटले रवले?"

मी सांगे, "थोडे." खरा आकडा मला माहीत होता.

तिसऱ्या दिवशी नळी काढली. बाबा संध्याकाळपर्यंत झोपले आणि उठून म्हणाले, "पेज व्हयी." तोंडाचा वास गेला होता. पापण्या उतरल्या होत्या. आईने मीठ न घालता पेज आणली, ती त्यांनी चाटून पुसून खाल्ली. आई पदराने डोळे पुसत मला म्हणाली, "तू होतंस म्हणान." मला त्या दिवशी फार बरं वाटलं. ते इथे लिहून ठेवते.

रविवारी कुशाबा भेटायला आला तेव्हा भेटीची वेळ संपली होती. वॉर्डबॉयने त्याला आत सोडलं नाही. मी बाबांच्या खाटेशी डबा आवरत होते. पाहते तर बाबा एकटेच हसत होते. कुशाबा काचेच्या पलीकडे उभा राहून तोंड हलवत होता. आवाज अजिबात येत नव्हता. बाबाही नुसते ओठ हलवत होते. मध्येच बाबांनी दोन बोटं उचलली. कुशाबाने कपाळावर हात मारला. बाबा इतके हसले की त्यांनी पोटावरच्या पट्टीला हात लावला. असं पाच-सात मिनिटं चाललं. मग कुशाबाने काचेवर तळवा ठेवला आणि तो निघाला.

मी त्याच्या मागे जिन्यापर्यंत धावत गेले. "कुशाबाकाका, काय बोलत होतात?"

"मुकादमाची गंमत सांगत होतंय. बदलीवाल्यान साच्यातलो धोटो उडवल्यान, तो मुकादमाच्याच ढुंगणार बसलो."

"पण तुमका कळला कसा? आवाज नाय—"

कुशाबा माझ्याकडे शाळेतल्या मुलीकडे पाहावं तसा पाहू लागला. "अगो, साचाखात्यात आवाज खंयचो! पाचशे साचे एकदम खडखडतत. थंय कान कोणाक व्हये? तीस वर्सां आम्ही तोंडाकडे बगून बोलतंव. तुझो बापूस तर पंचवीस हातांवरसून वाचता. मुकादम मालकाकडे काय चुगली करता ता सगळ्या खात्याक तोच सांगता." आणि तो हसत खाली उतरला.

मी तिथेच जिन्यावर उभी राहिले. काचेच्या दारापासून चौदा नंबरची खाट पंचवीस हातसुद्धा नव्हती. त्या दिवशी मी पॅसेजमध्ये कुठे उभी होते, डॉक्टर कुठे, आमची तोंडं कोणत्या बाजूला होती, सगळं मला आठवलं. मी हसले होते, तेही आठवलं.

परत येऊन मी बाबांच्या खाटेच्या कडेला बसले. ते छताकडे पाहत होते.

"बाबा, त्या दिवशी मी डॉक्टरांबरोबर बोलत होतंय..."

"होय."

"तुमी वाचलास?"

"तुझा वाचलंय. डाक्टरची पाठ होती अर्दी, तेचा अर्दाच कळला." मग थोड्या वेळाने, अगदी सहज म्हणाले, "'त्यांना काय कळणार' म्हटलंस."

बाबांनी माझ्या हातातला डबा काढून घेतला, त्याचं झाकण नीट बसवलं आणि परत दिला.

"मगे सही कित्याक केलास?" मी विचारलं.

"माका वाटला, तुका व्हया आसा. इतकी धावपळ करतंस. म्हणान केलंय."

आणि मी न विचारताच धरून चालले होते की ते त्यांना हवं असेल. आम्हां दोघांपैकी कोणी ते मागितलंच नव्हतं.

"आता त्या डाक्टराक हाड," बाबा म्हणाले. "माझ्या समोर बसव. माका इचारूचा आसा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरांना घेऊन आले. वॉर्डात पेशंटच्या खाटेशी बसून बोलायची त्यांना सवय नसावी. स्टुलावर बसले तरी हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

"ह्या धुतलास," बाबा पोटाकडे बोट दाखवून म्हणाले, "ता कितके दिवस पुरतला?"

"तीन आठवडे. फार तर चार."

"मगे?"

"पुन्हा तसंच होईल. पुन्हा करता येतं."

"दुसऱ्या खेपेकय तितकेच दिवस?"

"थोडे कमी. दर वेळी थोडे कमी."

"आणि माझी किडनी? ती चालू होतली?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "तिच्याकडे नको. माझ्याकडे बगा."

"नाही होणार," डॉक्टर म्हणाले.

"झील सांगता, इलायतेक मशीन आसा."

"आहे. रक्त बाहेर काढून धुतात. इथे नाही. आणि असतं तरी ज्यांची किडनी चार दिवस बंद पडून परत सुरू होण्यासारखी असते, त्यांच्यासाठी ते. तुमच्यासाठी नाही."

बाबांनी मान हलवली. नवा साचा ताब्यात घेताना ते असंच एकेक विचारत असतील. "आत्तापर्यंत कितक्यांचा पोट धुतलास?"

"इथे? पाच जणांचं."

"घराक कितके गेले?"

"तीन. तुम्ही उद्या जाल ते धरून."

"आज कितके आसत?"

डॉक्टरांनी खाटेच्या दांडीवरचा हात काढून मांडीवर घेतला. "तुम्ही," ते म्हणाले.

शेजारच्या खाटेवरच्या माणसाने वर्तमानपत्राची घडी घातली.

"नाय केला तर काय होतला?"

"झोप येत राहील. उचकी, उलटी, खाज. त्यावर देण्यासारखं औषध आहे, मी देईन. मग एक दिवस झोपेतून जागे होणार नाही."

"दुखतला?"

"ह्याच्याइतकं नाही."

"पाणी? आता वाटीन मोजून देतास."

"धुवायचं नाही असं ठरलं, तर मग मोजायचं कारण नाही. सूज वाढेल, दम लागेल. तेवढं सोसवलं तर प्या हवं तेवढं."

"बरा सांगलास," बाबा म्हणाले. "मगे झाला तितका पुरे. दुसऱ्या खेपेक नको." डॉक्टर काही बोलणार, तोच त्यांनी हात वर केला. "दुखता म्हणान नाय. दोन दिवस माझे हात बांधलेले. नाकार माशी बसली, ती उडवूक येय नाय. तशी बसान रवली. माका तसा नको. माझ्या खोलयेत मी माझ्या हातान खाजवीन."

"घरच्यांशी बोला," डॉक्टर म्हणाले.

"ता ही बकुळा सांगात. घरात तीच सांगता सगळा."

डॉक्टर उठले. जाताना बाबांनी त्यांना हात जोडले. तेही क्षणभर थांबून परत आले आणि त्यांनी बाबांचे जोडलेले हात आपल्या हातांत धरले. कागदावर त्यांनी काही लिहिलं नाही. तेव्हा तसं लिहायची पद्धत नव्हती.

घरी आल्यावर तीन आठवडे चांगले गेले. बाबा गॅलरीतून अंथरूण आत घेऊन आले. चाळीतली माणसं बघायला येत, आई प्रत्येकाला पोट धुण्याची हकीगत सांगे आणि शेवटी म्हणे, "आता काय भिया नाय. परत सूज इली की परत धुवचा." तिने धाग्यांचा हिशेब लावावा तसा हिशेब लावला होता: महिन्यातून दोन दिवस इस्पितळ, अठ्ठावीस दिवस घर. "पुढल्या खेपेक मी रवतलंय थंय," ती मला म्हणाली. "तुझी शाळा बुडता."

मी सांगणार होते. पहिल्या दिवशी ती तांदूळ निवडत होती, तेव्हा सांगणार होते. पण ती गुणगुणत होती. त्यानंतरच्या शुक्रवारी सांगणार होते, तर तिने देवाला कौल लावायला गावी पत्र लिहायला सांगितलं. मी ते पत्र लिहिलं. तिच्या तोंडचं, शब्दही न बदलता: माझ्या मालकांना बरं वाटतंय, असंच वाटत राहो. माझी पुस्तकं वाचलेली, मुलांना सत्याचे धडे शिकवणारी जीभ घरात आली की टाळ्याला चिकटे. दुसऱ्या कोणी आईला सांगायची वेळ आलीच नाही, कारण बाबांना वाटत होतं मी सांगितलंय.

त्यांनी एकदा विचारलंही. आई खाली नळावर गेली होती.

"आवशीक सांगलंस मा?"

"होय," मी म्हणाले.

"काय म्हणाली?"

"काय नाय. रडली."

"रडतली मगे." त्यांनी गॅलरीच्या कठड्याकडे पाहिलं. "धीराची आसा. माझ्या समोर एक टीप काढूक नाय."

त्या दिवसापासून ते आईच्या आसपास राहू लागले. ती भाकऱ्या करायला बसली की चुलीशेजारी पाट घेऊन बसत. तीस वर्षांत त्यांनी असं केलेलं मी पाहिलं नव्हतं. आई म्हणे, "सरा थोडे, धूर लागात." ते सरकत नसत. एका दुपारी त्यांनी तिला म्हटलं, "रखमा, माका काय इचारूचा आसल्यास इचार हां. मनात ठेवू नको."

आई हसली. "काय इचारू? बांगडो हाडू की सौंदाळे, तेवढा सांगा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, डोळ्यांनी कौतुकाने: बघ, कशी आहे. मी शाळेच्या वह्या तपासत होते. मान खाली घातली आणि एका बरोबर गणितावर चुकीची खूण केली.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात उचक्या सुरू झाल्या. मग झोप. जेवताना हातात घास धरून ते झोपत. सोमवारी सकाळी हाक मारली तर नुसता हुंकार आला. आईने लगोलग पेटी उघडून धुवट चादर काढली. "गंगाधर, टॅक्सी हाड. धुवक व्हया."

मी म्हणाले, "आये, थांब जरा."

"थांबू कित्याक? त्या दिवशी तूच सांगलंस, वेळेर इले तर बरे होतत."

खरंच, ते मीच सांगितलं होतं. टॅक्सी आली. गंगाधर आणि समितीची दोन पोरं यांनी बाबांना खुर्चीत बसवून जिने उतरवले.

तरुण डॉक्टरांनी बाबांची पापणी उचलून पाहिली आणि ते सरळ उभे राहिले. "हे नको म्हणाले होते," ते म्हणाले.

आई माझ्याकडे वळली. "कोण नको म्हणाला?"

"तुमचे यजमान. पुन्हा पोट धुवायचं नाही, असं ह्यांच्यासमोर मला सांगितलं होतं." डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही घरी बोललात ना?"

आईचा हात बाबांच्या कपाळावर होता. तो तिथेच राहिला. तिचे डोळे मात्र माझ्या तोंडावर होते. गंगाधर मध्येच म्हणाला, "काय भानगड आसा ताई?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्याच्या मागोमाग दुसरंही सांगावं लागलं असतं: की मला तीन आठवडे हे ठाऊक होतं.

"तेव्हा ते फार दमलेले होते," मी डॉक्टरांना म्हणाले. "तसं ठरवून काही म्हणाले नव्हते."

डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिले. त्या सकाळी स्टुलावर तेच बसले होते. त्यांनी प्रत्येक शब्द ऐकला होता. त्यांनी मला खोटं ठरवलं असतं तर बरं झालं असतं, असं मी पुष्कळदा म्हणून पाहिलं आहे. पण पंचवीस-सव्वीसचं वय, समोर घरची माणसं उभी, खाटेवरचा माणूस बोलू न शकणारा. त्यांनी कागद पुढे केला. गंगाधरने सही केली.

ह्या खेपेला टोच्या दोनदा चुकला. पहिली बाटली आत गेली ती निम्मीच बाहेर आली, तीही लालसर. मी बादलीपाशी बसले. पाणी एकदाही गार होऊ दिलं नाही. आई दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या दिवशी सकाळी ताप चढला आणि दुपारी चारच्या सुमाराला बाबांनी डोळे उघडले.

त्यांनी आधी छत पाहिलं. मग टांगलेल्या बाटल्या. मग आपले हात उचलून पाहिले. ते दांडीपाशी अडकले.

"जागे झाले!" आई म्हणाली. "बगा, मी सांगलंय तुमका, वेळेर इलाव तर काय एक होणा नाय!"

बाबा तिच्याकडे पाहू लागले. खूप वेळ. तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते माहीत असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असू शकत नाही. त्यांना ते दिसलं.

"तुका कोणी सांगूक नाय," ते म्हणाले. त्यांनी विचारलं नाही.

"काय सांगूक नाय?"

बाबांनी माझ्याकडे मान वळवलीच नाही. कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. "बकुळा," ते छताकडे बघत म्हणाले, "नर्सीक बोलव. माझे हात सोडूक सांग. आणि तो पडदो ओढ. मगे भायर जाऊन बस."

"बाबा, मी—"

"भायर बस गो."

मी नर्सला बोलावलं. नळी काढायला डॉक्टर आले. त्यांनी काही विचारलं नाही. हात सोडल्यावर मनगटांवर पट्टीचे वळ होते. मी खाटेभोवतीचा कापडी पडदा ओढला आणि वॉर्डातच पडद्याबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. गंगाधर सभेला गेला होता. पडद्याच्या खालून मला आईची पावलं दिसत होती. आधी ती उभी होती. मग पावलं वर गेली. म्हणजे ती खाटेवर बसली असणार. बाबांचा आवाज येत होता, पण शब्द नाही. मध्येच आई एकदा मोठ्याने म्हणाली, "नाय!" आणि मग पुष्कळ वेळ काहीच नाही. ते काय बोलले, ते मला आजही ठाऊक नाही. सांगायचं की नाही, ते आता त्यांच्या हातात होतं.

दिवे लागायच्या आधी पडदा सरकला. आईने पदर खोचलेला होता. डोळे सुजलेले, पण तोंड धुतलेलं. तोवर गंगाधर आला होता. माझ्यावरून नजर नेऊन ती त्याला म्हणाली, "टॅक्सी हाड. घराक जातंव."

"पण आये, ताप—"

"घराक जातंव म्हटलंय."

टॅक्सीत आई आणि बाबा मागे बसले. मी आत शिरायला लागले तेव्हा आई म्हणाली, "तू पुढे बस." घरी आल्यावर तिने त्यांचं अंथरूण दाराशी घातलं, तांब्याभर पाणी उशाशी ठेवलं आणि त्यांनी मागितलं की ती मान उचलून पाजत राहिली. मी तांब्या भरायला घेतला, तर म्हणाली, "ठेव. मी करतंय." तिच्या आवाजात राग नव्हता. मी शेजारची कोणी मदतीला आलेली असावी, असा तो आवाज होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडी न बदलता तशीच बसून राहिले. आई म्हणाली, "शाळेक जा."

"आज खाडा घेतंय."

"कित्याक? तुझा हय काय काम आसा?"

बाबा जागे होते. ते दाराकडे तोंड करून पडले होते, पोट श्वासाबरोबर वरखाली होत होतं. त्यांनी "रव" म्हटलं असतं तर मी राहिले असते. ते काही म्हणाले नाहीत. मी गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. चौथ्या दिवशी शुक्रवार होता. निघताना मी त्यांच्या पायांना हात लावला; त्यांनी पाय किंचित आखडून घेतले, की सुजेने आखडले गेले, ते मला कळलं नाही.

अकराच्या सुमाराला शाळेचा शिपाई घरचा निरोप घेऊन वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. मी फळ्यावर भागाकार मांडत होते. मी ते गणित पुरं केलं, मग खडू ठेवला.